स्टेशन कसं असतं हे ठरायच्या आधीचं स्टेशन

मंडळाच्या मागच्या बैठकीत एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, "सर, जुनी इमारत वाचायची म्हणजे नेमकं काय वाचायचं?" मी तेव्हा थातुरमातुर उत्तर देऊन वेळ मारून नेली. आज नीट देतो. उदाहरण मात्र लांबचं आहे: अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या एलिकॉट सिटी या छोट्या गावाचं जुनं रेल्वे स्टेशन. माझी धाकटी बहीण त्या भागात राहते, त्यामुळे एक अख्खी दुपार मला तिथे घालवता आली.

पटॅप्स्को नदीकाठी, टेकड्यांच्या बेचक्यात हे गाव वसलंय. 1772 साली एलिकॉट भावांनी इथे पिठाच्या गिरण्या काढल्या, म्हणून आधीचं नाव 'एलिकॉट्स मिल्स'. बाल्टिमोर बंदर इथून 13 मैलांवर, म्हणजे साधारण 21 किलोमीटर. 1825 मध्ये न्यूयॉर्क राज्यात ईरी कालवा पूर्ण झाला आणि बाल्टिमोरच्या व्यापाऱ्यांना धास्ती पडली, की पश्चिमेकडचा माल आता सगळा न्यूयॉर्कला जाणार. आपल्याकडून कालवा काढावा तर मध्ये डोंगर. मग 1827 साली त्यांनी 'बाल्टिमोर अँड ओहायो' ही रेल्वे कंपनी उभी केली. मे 1830 मध्ये तिचा पहिला टप्पा सुरू झाला, तो या गिरण्यांच्या गावापर्यंत.

रेल्वे म्हटल्यावर डोळ्यांपुढे इंजिन आलं ना? इथे गाडी ओढायला घोडे होते. वाटेतल्या एका गावाचं नाव आजही 'रिले' आहे, कारण तिथे घोडे बदलत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पीटर कूपरने 'टॉम थंब' नावाचं आपलं चिमुकलं वाफेचं इंजिन या मार्गावर चालवून दाखवलं. त्याची घोड्याशी शर्यत लागली, इंजिन पुढे होतं, पण ऐन वेळी पट्टा निसटला आणि घोडा जिंकला, अशी गोष्ट सांगतात. रेल्वे कंपनीने तरीही पुढे वाफेचीच वाट धरली.

स्टेशन बांधलं 1830-31 मध्ये. अमेरिकेत टिकून राहिलेलं हे सर्वांत जुनं स्टेशन मानतात. भिंती जवळच्याच खाणींतल्या ग्रॅनाइटच्या, जाडजूड. नक्षी, कमानी, मनोरा असलं काही नाही. लांबून पाहिलं तर एखादं भक्कम गोदाम वाटावं, आणि ते वाटणं चूक नाही. जमीन उताराची असल्यामुळे रूळ आहेत वरच्या मजल्याच्या पातळीला आणि रस्ता खाली. बांधणाऱ्यांनी हा उतारच कामाला लावला. वरच्या मजल्यावर इंजिन थेट इमारतीत आणायचं आणि खालून त्याची दुरुस्ती करायची, अशी सोय केली. बाकी जागा मालासाठी आणि अधिकाऱ्याच्या कार्यालयासाठी.

मी आत उभा राहून मनातल्या मनात पहिला नकाशा मांडत होतो. पीठ कुठे ठेवत, इंजिन कुठे येई, साहेब कुठे बसत, हे सगळं जुळलं. पण पॅसेंजरने बसायचं कुठे? या प्रश्नाला त्या नकाशात जागाच नव्हती! प्रवासी शेजारच्या पटॅप्स्को हॉटेलात थांबायचे. वेटिंग रूम, तिकीट खिडकी, फलाट, म्हणजे आपण ज्याला 'स्टेशन' म्हणतो ते सगळं तेव्हा कुणाच्या डोक्यातच नव्हतं. 1850 च्या दशकात इमारतीत फेरबदल झाले, तेव्हा कुठे प्रवाशांना आत जागा मिळाली, बायकांची आणि पुरुषांची वेगवेगळी. पुढे 1885 साली मालासाठी वेगळं गोदाम झालं. कुणाला आधी जागा मिळाली आणि कुणाला पंचवीस वर्षांनी, हे त्या भिंती सांगतात. इमारत वाचायची ती अशी.

1949 च्या अखेरीस इथली प्रवासी वाहतूक थांबली. 1972 च्या जूनमध्ये ॲग्नेस वादळाचा महापूर आला आणि उरलंसुरलं कामही संपलं. गावाच्या लोकांनी इमारत मात्र सोडली नाही. डागडुजी करून तिथे संग्रहालय केलं. त्या पहिल्या 13 मैलांची छोटी प्रतिकृती तिथे आहे, मुलं तिला चिकटून उभी असतात. 2016 आणि 2018 मध्ये पुन्हा भयंकर पूर आले, मुख्य रस्ता अक्षरशः वाहून गेला, माणसंही गेली. ग्रॅनाइट उभाच आहे, आणि बाजूच्या रुळांवरून मालगाड्या अजून जातात.

हे सगळं बघताना मला सारखी डभोई आठवत होती. 1862 साली खंडेराव गायकवाड महाराजांनी डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची रेल्वे घातली, ती कापूस वाहायला, आणि ती ओढायला होते बैल! पुढच्याच वर्षी इंजिन आणून पाहिलं, पण हलके रूळ ते पेलेनात. 1873 मध्ये रूळ बदलले, तेव्हा इंजिनं नियमित धावू लागली. म्हणजे एलिकॉट्स मिल्सचे घोडे आणि आपल्या डभोईचे बैल एकाच कुळातले म्हणायचे.

लहानपणी आजीबरोबर नर्मदास्नानाला चांदोदला जाताना मी डभोईला कितीदा गाडी बदलली असेन. माझं लक्ष असायचं भज्यांच्या गाडीकडे. आजीने तिच्या सासऱ्यांकडून ऐकलेलं काहीबाही सांगितलंही असेल, मी ऐकलं नाही. आता तिथे ब्रॉडगेज आहे, 2021 पासून नवी इमारतही आहे. अमेरिकेतल्या स्टेशनात इंजिन कुठे उभं राहायचं हे मी तुम्हाला सांगू शकतो. डभोईचे बैल कुठे बांधत, ते मला सांगता येत नाही.

तर पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी प्रतापनगरहून डभोईला जायचं ठरवलंय. वही, टेप आणि पाण्याची बाटली आणा. ज्यांच्या घरी त्या रेल्वेतले कुणी आजोबा असतील, त्यांनी आदल्या रात्री त्यांच्याजवळ बसून एवढं एकच विचारून या: गोठा कुठे होता?