ओम्नी, बॅटरी आणि भामरागड

‘सोलो कॅम्परव्हॅन फोटोग्राफी ट्रिप’ हे शब्द ऐकायला एकदम फॉरेनचे वाटतात. माझी कॅम्परव्हॅन म्हणजे बाबांची मारुती ओम्नी. घुग्घुसमधल्या ज्या कॉन्व्हेंटमध्ये मी शिकलो, तिथलीच पोरं बाबा त्यातून ने-आण करतात. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मधली सीट काढली, फळी टाकली, वर गादी आणि मच्छरदाणी. झाली कॅम्परव्हॅन! बाबांची अट एकच: सोमवारी शाळा उघडते, रविवारी गाडी दारात पाहिजे.

ताडोबा मी यादीतून आधीच काढला होता. तिथे कोअरमध्ये आपली गाडी नेता येत नाही. प्लॅन असा होता: मूल, चामोर्शीजवळचं मार्कंडा, मग आष्टी, आलापल्ली आणि शेवटी भामरागड, जिथे पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तिन्ही नद्या एकत्र येतात. तो संगम पहाटेच्या धुक्यात टिपायचा, ही खरी हौस.

पहिली रात्र मार्कंड्याला. वैनगंगेचा काठ, देवळांची शिल्पं, संध्याकाळचा उजेड... शंभरेक फोटो काढले. रात्री इन्व्हर्टर लावून लॅपटॉपवर बघत बसलो आणि पंखा चालू ठेवून झोपलो. सकाळी चावी फिरवली तर नुसतं टक् टक्!

आता आपण इंजिनिअर, म्हणून हिशोब बघा. बॅटरी १२ व्होल्ट, ३५ अँपिअर-अवर, म्हणजे कागदावर ४२० वॅट-अवर. लॅपटॉप ४५ वॅट गुणिले ३ तास म्हणजे १३५. पंखा २० वॅट गुणिले ८ तास म्हणजे १६०. दिवा २०. बेरीज ३१५, इन्व्हर्टरमध्ये वाया गेलेलं वेगळंच. गाडीची बॅटरी स्टार्टरला क्षणभर भरपूर करंट देण्यासाठी बनवलेली असते, रात्रभर पंखा फिरवायला नाही. अर्ध्याच्या खाली ती न्यायचीच नसते. बिनलोडची १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी. लॅबमध्ये मल्टिमीटर रोज हाताळतो, गाडीत मात्र नव्हता!

डॅशबोर्डचा दिवा मिणमिणत होता, म्हणजे पेट्रोलच्या पंपापुरता करंट शिल्लक होता. देवळात आलेल्या चार जणांना विनंती केली. दुसरा गिअर, क्लच दाबलेला, धक्का, क्लच सोडला, आणि गाडी सुरू. मला वाटलं, संकट टळलं.

इथेच माझी चूक झाली. जुनी बॅटरी एवढी उतरली की तास-दीड तास चालवून पुरती भरत नाही, आणि मी तर दर वळणावर गाडी बंद करून फोटो काढत होतो. त्यातच कॅमेऱ्याने ‘कार्ड फॉरमॅट करा’ असं दाखवलं. हात बटणावर गेला होता, पण सेकंड इयरला शिकलेलं आठवलं: यादी बिघडली तरी डेटा बहुतेक जागेवरच असतो, त्यावर नवीन काही लिहिलं की मात्र गेला. कार्ड काढून डबीत ठेवलं. (नंतर बरेचसे फोटो सॉफ्टवेअरने परत मिळाले, नदीवरचे नेमके नाहीत.)

आष्टीच्या पुढे रस्ता वाईट. समोरून सुरजागडचं लोहखनिज भरलेले ट्रक. आमच्या घुग्घुसच्या कारखान्यातही तेच खनिज येतं, घरी त्याची लाल धूळ बघत मोठा झालो. एका ट्रकमागे ब्रेक दाबला आणि क्लचचं पेडल थेट तळाला गेलं. वायर तुटली, गाडी गचका देऊन बंद. क्लच नसला तरी पहिल्या गिअरमध्ये ठेवून स्टार्टर मारला की गाडी पुढे सरकत सुरू होते, हे बाबांनी शिकवलं होतं. पण त्याला बॅटरी तगडी लागते. पुन्हा टक् टक्. रात्रीच्या पंख्याची किंमत इथे कळली.

दिवस मावळत होता, दोन्ही बाजूंना जंगल, मोबाईल चौदा टक्के. गाडी ढकलून कडेला घेतली, मागे झाडाची फांदी ठेवली आणि आतच बसून राहिलो. अर्ध्या तासाने धान नेणारा ट्रॅक्टर थांबला. “एकटाच हायेस का बे? काऊन आला इकडं?” काकांनी नायलॉनच्या दोराने टोचन करून पुढच्या गावातल्या गॅरेजपर्यंत नेलं. पैसे घेतले नाहीत. तिथे जरा रेंज आली. बाबांना फोन लावला.

“गाडी राहू दे, तू बरा हायेस ना?”

सकाळी वायर मिळाली, बॅटरी चार्जिंगला लावली. दुपारी गाडी टकाटक. शनिवार होता, भामरागड गाठता आलं असतं. १९१५ मध्ये एन्ड्युरन्स जहाज बर्फात चिरडलं, तेव्हा फ्रँक हर्लीने पाण्यातून काढलेल्या काचेच्या निगेटिव्हपैकी सुमारे १२० ठेवल्या आणि चारशेच्या आसपास तिथेच फोडल्या, पुन्हा मोह नको म्हणून. त्यानंतर त्याच्याजवळ एक छोटा कोडॅक आणि तीन रोल उरले. मी काही हर्ली नाही, पण नकाशा उघडण्याआधी बाबांना फोन करून “आजच परत निघतो” म्हणालो. एकदा शब्द दिला की मोडवत नाही.

संध्याकाळी उशिरा घरी पोचलो. रविवारी सीट बसवली, बाबांनी नवीन बॅटरी घातली. पैसे मी हप्त्याने फेडतोय. सोमवारी दुपारी बाबा म्हणाले, मागच्या सीटखाली एका पोराला काळं झाकण सापडलं. माझ्या लेन्सची कॅप होती ती.