सुंतेच्या भरवशावर राहणाऱ्यांस

समलैंगिक आणि उभयलैंगिक पुरुषांपैकी पुष्कळजण, धर्माने वा रूढीने सुंतेशी काडीचाही संबंध नसताना, ‘एकदा सुंता उरकली की एचआयव्हीची धास्ती कायमची गेली’ अशा समजुतीने शस्त्रक्रियेची मागणी घेऊन माझ्या दवाखान्यात येतात. आणि जो मनुष्य सुरीला इतक्या बिनतक्रार राजी होतो, तोच शेवटची रक्तचाचणी केव्हा केली असे विचारताच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागतो. शस्त्रक्रियेत कोणास काही सांगावे लागत नाही, चाचणीच्या खोलीत सांगावे लागते; या तत्परतेचे रहस्य मला तरी एवढेच दिसते.

या समजुतीत सत्याचा अंश आहे, म्हणूनच ती इतकी चिवट. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा येथील प्रयोगांत सुंता केलेल्या पुरुषांना स्त्रीसंबंधातून होणारी लागण सुमारे ६० टक्क्यांनी घटली, आणि जेथे साथ मोठी व सुंतेचा प्रघात अल्प, अशा प्रदेशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली तिची शिफारस केली. अग्रत्वचेच्या आतील मृदू अस्तरातून विषाणूचा प्रवेश सुलभ होतो. ते अस्तर काढल्यास ती वाट बरीचशी बंद होते. परंतु गुदसंभोगात जो ग्रहण करणारा, त्याच्या शरीरात विषाणू गुदाशयाच्या नाजूक अस्तरातून शिरतो, आणि त्या वाटेवर सुंतेचा अंमल मुळीच चालत नाही. जो केवळ प्रवेश करणारा, त्यास काही लाभ संभवतो. पण ही भूमिका जन्मभर एकच राहील, असा मुचलका कोण लिहून देणार?

काही काळापूर्वी एक विवाहित गृहस्थ, मोबाइलवरील चित्रफीत पाहून व एका भोंदूच्या हमीवर विसंबून, परस्पर सुंता करवून माझ्याकडे आले. जखमेवर हळद आणि कसलीशी राख थापलेली होती, पट्टी सलाइनने भिजवून भिजवून सोडवावी लागली. आणि एवढे होऊनही, ‘आता निरोध नकोच ना, डॉक्टरसाहेब?’ हा प्रश्न त्यांनी निःशंकपणे केला! जखम पुरती भरेपर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे, संबंध वर्ज्य असतो, कारण उघडी जखम लागणीस आमंत्रणच देते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. चाचणीत बाधा निघाली, ती बहुधा सुंतेच्या आधीचीच. आज ते नियमित औषधे घेतात, पत्नीची चाचणी निर्दोष आहे, आणि रक्तातील विषाणू मोजणीत न सापडण्याइतके घटून तसेच राहिले तर शरीरसंबंधातून दुसऱ्यास लागण होत नाही, हे ऐकून त्यांनी प्रथमच मान वर केली.

तेव्हा घाबरू नका, पण हयगयही करू नका. जोखमीच्या संबंधानंतर दोन ते चार आठवड्यांत ताप, घसादुखी, अंगावर पुरळ वा मानेत गाठी आल्यास ‘व्हायरल’ म्हणून दुकानातून गोळ्या आणू नका. ती लक्षणे आपोआप ओसरतात, विषाणू ओसरत नाही, आणि फार लवकर केलेली चाचणी निर्दोष आली तरी ती ठरल्या मुदतीने पुन्हा करावी लागते. निरोध फाटला तर ७२ तासांच्या आत, शक्यतो त्याच दिवशी, डॉक्टरांकडे या. २८ दिवसांचे प्रतिबंधक औषध असते. वारंवार जोखीम असणाऱ्यांसाठी आधीपासून घ्यावयाच्या गोळ्या आहेत, त्या मात्र चाचणी केल्यावाचून सुरू करू नयेत. सुंता करावयाचीच असेल, अथवा अग्रत्वचा मागे सरत नसेल, तर शल्यचिकित्सकाकडे जा. प्रौढ वयात ती नव्याने आवळू लागली असल्यास रक्तातील साखरही तपासून घ्या.

शासकीय रुग्णालयांतील केंद्रांत चाचणी विनामूल्य होते, आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमती व गोपनीयता या दोहोंचे बंधन घातले आहे. समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. तेव्हा कायद्याचे भय पुढे करण्याची सबब आता उरलेली नाही. १०९७ या एड्स मदतवाहिनीच्या क्रमांकावर विचारणा करा, आणि सुंतेचा विचार करण्यापूर्वी रक्त तपासून घ्या.