हरवलेल्या ऊर्जेचा माग

१. प्रारणाला वेळ लागतो. इतकी वर्षं या विषयात घालवूनही मला याचं नवल वाटतं. वेगवान इलेक्ट्रॉनला अणुकेंद्राजवळ धक्का बसला की फोटॉन निघतो, हे पाठ्यपुस्तकातलं चित्र. पण तो फोटॉन इलेक्ट्रॉनपासून सुटा व्हायला काही अंतर जावं लागतं. इलेक्ट्रॉनची ऊर्जा जितकी जास्त आणि फोटॉनची जितकी कमी, तितकं हे अंतर लांबतं. दाट पदार्थात तेवढ्यात इलेक्ट्रॉनला आणखी कितीतरी धक्के बसतात, मग ते सगळे मिळून जणू एकच धक्का ठरतो आणि प्रारण घटतं. लांदाऊ आणि पोमेरान्चुक यांनी हे १९५३ साली मांडलं, मिग्दालने १९५६मध्ये त्याचं पुंजगणित केलं. नेमकं मोजमाप व्हायला मात्र १९९३ साल उजाडलं. कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत सोनं, शिसं, युरेनियम यांच्या पातळ पत्र्यांतून २५ जीईव्हीचे इलेक्ट्रॉन सोडले, तेव्हा मंद फोटॉन खरोखरच कमी भरले.

२. जड अणुकेंद्रांच्या टकरीत तयार होणाऱ्या क्वार्क-ग्लुऑनच्या द्रवात गोष्ट आणखी रंगते. फोटॉनला विद्युतभार नसतो, ग्लुऑनला मात्र रंगभार, म्हणजे तीव्र बलाचा भार, असतो. त्यामुळे सुटू पाहणारा ग्लुऑन स्वतःच वाटेत धक्के खातो. परिणामी, द्रव्य प्रसरण पावत नाही असं धरलं तर, जाडी दुप्पट झाली की प्रारणातून गमावलेली ऊर्जा चौपट होते! हे गणित पहिल्यांदा पुरं उलगडलं तो आनंद मला अजून पुरतो.

३. कमी दिसलं, एवढ्याने भागत नाही. ब्रुकहेवनच्या ऱ्हिक त्वरकावर सोन्याच्या अणुकेंद्रांची थेट टक्कर झाली, तेव्हा जास्त संवेगाचे कण अपेक्षेच्या साधारण पाचव्या हिश्श्यावर आले. पण ते वाटेत अडले, की मुळात जन्मलेच कमी? २००३मध्ये ड्यूटेरॉन आणि सोन्याची टक्कर करून पाहिली. तिथे दाट द्रव तयार होत नाही, आणि तूटही दिसली नाही. सोन्याच्या टकरीइतकंच श्रेय मी या पडताळणीला देतो.

४. ऊर्जा नाहीशी होत नाही, विखुरते. २०१०च्या अखेरीस सर्नमध्ये शिशाच्या अणुकेंद्रांच्या टकरी सुरू झाल्या आणि पडद्यावर अशा घटना उमटू लागल्या: एका बाजूला कॅलरीमीटरमध्ये ऊर्जेचा उंच सुळका, आणि बरोबर समोर, जिथे त्याचा जोडीदार हवा, तिथे बुटका उंचवटा. उरलेली ऊर्जा पुढे सापडली. जेटच्या, म्हणजे एका क्वार्क किंवा ग्लुऑनपासून निघालेल्या कणांच्या झोताच्या, बऱ्याच बाहेर, मंद कणांमध्ये वाटली गेलेली.

५. म्हणून मला फोटॉन-जेटच्या जोड्या फार मोलाच्या वाटतात. फोटॉनला रंगभार नाही, तो द्रवातून जवळपास अस्पर्श बाहेर येतो, आणि समोरचा क्वार्क किती ऊर्जा घेऊन निघाला होता ते सांगतो. अशा जोड्या दुर्मीळ. पण हिशेब मांडायला आरंभीची रक्कम त्याच देतात.