ते चौघे आणि आपण



मार्कलिखित शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघेजण एका पक्षाघाती माणसाला खाटेवरून येशूकडे आणतात. गर्दीमुळे वाट मिळत नाही, तेव्हा ते छप्पर उघडून त्याला खाली सोडतात. येशूने त्या वाहून आणणाऱ्यांचाही विश्वास पाहिला, हे आपण ध्यानात घ्यावे.

अपघात, पक्षाघात किंवा मेंदूज्वर यांमुळे मेंदूला इजा झालेली माणसे आज आपल्यातही आहेत. टाके निघतात, माणूस चालू लागतो. पण आतली इजा दिसत नाही. तो विसरतो, लवकर थकतो, चटकन चिडतो, स्वतःहून काही करीत नाही. आपण म्हणतो, 'आळशी झाला', 'डोके फिरले'. पण हा स्वभावाचा दोष नसून इजेचा परिणाम असतो.

याचे एक जुने उदाहरण प्रसिद्ध आहे. १८४८ साली अमेरिकेत रेल्वेमार्गावरील मुकादम फिनिअस गेज याच्या डोक्यातून सुरुंगाच्या स्फोटाने लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण मित्रांना तो पूर्वीचा गेज वाटेना. पुढे मात्र चिली देशात त्याने काही वर्षे घोडागाडी हाकली. ठरलेल्या दिनक्रमाने त्याला सावरले असावे, असे काही अभ्यासक मानतात.

मग पूर्वीचा माणूस संपला काय? नाही. मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला आहे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. त्याची प्रतिष्ठा स्मरणशक्तीवर किंवा कमाईवर अवलंबून नाही. तरीही नवरा घरात असून हरवल्यासारखा वाटणे, हे पत्नीचे दुःख खरे आहे. त्याला कोणी अविश्वास म्हणू नये.

आपण काय करावे?

१. एका वेळी एकानेच, थोडक्यात बोलावे. उत्तराला वेळ द्यावा. टीव्ही बंद ठेवावा.

२. दिनक्रम ठरलेला असावा. वही व कॅलेंडर हाताशी असावे.

३. तो चिडल्यास वाद घालू नये.

४. लग्नाच्या मांडवातही त्याला दारूचा आग्रह करू नये. इजा झालेल्या मेंदूला ती अधिक बाधते.

५. पहिल्या आठवड्यात सगळेच भेटायला जातात; आपण सहा महिन्यांनंतरही जावे. दोन तास त्याच्याजवळ बसावे, म्हणजे घरच्यांना मिस्साला किंवा बँकेत जाता येईल.

ज्यांना चर्चमध्ये येणे जमत नाही, त्यांच्या घरच्यांनी आम्हांस कळवावे. ख्रिस्तशरीर आम्ही घरी आणून देऊ.

चिंतनासाठी प्रश्न: आपल्या आळीतील अशा घरची खाट आज कोण उचलत आहे? की एकटी पत्नी किंवा आईच ती ओढत आहे?