ड्राइव्हला कुलूप : अविश्वास की व्यवस्था?

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या ड्राइव्हवर लेख का लिहावा, असा प्रश्न काहींना पडेल. परंतु पदवी घेतल्यावर आपल्यापैकी अनेकांना बँकेत, पतपेढीत किंवा कचेरीत संगणकासमोरच बसायचे आहे. तेथे पहिल्याच दिवशी काही ड्राइव्ह आपल्यासाठी बंद असल्याचे आढळते आणि मन खट्टू होते. ही बंदी कशी घालतात व का घालतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ड्राइव्ह म्हणजे माहिती साठवण्याची जागा. विंडोजमध्ये तिला अक्षराने ओळखतात. ए आणि बी ही अक्षरे पूर्वी फ्लॉपीसाठी राखून ठेवलेली असल्याने संगणकातील मुख्य ड्राइव्ह 'सी'पासून सुरू होतो. जूचंद्रच्या आमच्या जुन्या घरात ओटीवर कोणीही बसे, माजघरात घरची माणसे वावरत आणि कोठीची किल्ली मात्र आजीच्या कमरेला असे. कार्यालयातील ड्राइव्हची मांडणीही साधारण अशीच असते.

बंदीचे तीन प्रकार

पहिला प्रकार ड्राइव्ह लपवण्याचा. त्यासाठी विंडोजमध्ये प्रत्येक अक्षराला एक आकडा दिलेला आहे : ए ला १, बी ला २, सी ला ४, डी ला ८, असे दुपटीने. सी व डी लपवायचे तर ४ + ८ = १२ हा आकडा भरायचा; सर्व २६ अक्षरे लपवायची तर ६,७१,०८,८६३. मात्र यात फक्त चित्र नाहीसे होते. जाणकाराने ड्राइव्हचा पत्ता टाइप केला की तो उघडतो. दारापुढे पडदा लावला म्हणून दार बंद होत नाही!

दुसऱ्या प्रकारात ड्राइव्ह दिसतो, पण फाइल एक्सप्लोररमधून उघडत नाही. तरीही इतर प्रोग्राममधून आत जाण्याची वाट उरतेच.

तिसरा प्रकार म्हणजे खरे कुलूप. 'एनटीएफएस' पद्धतीच्या ड्राइव्हवर प्रत्येक फोल्डरसाठी कोणी नुसते वाचावे, कोणी लिहावे आणि कोणाला पूर्ण अधिकार असावा, हे ठरवता येते. जुन्या 'फॅट' पद्धतीत ही सोय नाही. पण डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तर हे कुलूपही पुरत नाही. त्यासाठी माहिती सांकेतिक रूपात ठेवावी लागते. शिवाय रोजचे काम ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून होत असेल, तर कुलूप लावून किल्ली त्यालाच अडकवल्यासारखे होते.

इतकी काळजी कशासाठी?

आपण चुकून एखादी विषारी फाइल उघडली, तर ती आपल्याच अधिकाराने काम करते. जेथे आपल्याला लिहिता येते, तेथपर्यंत तिचाही हात पोहोचतो. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' मर्स्क कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि न्हावा-शेवा बंदरातील तिच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. एका संगणकावर सापडलेले ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार वापरून तो पुढच्या संगणकावर जात असे. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'एमआयडीसी'वर, असाच खंडणीखोर हल्ला झाला. बॅकअपच्या प्रती जाळ्याच्या वेगळ्या भागात ठेवल्या असल्याचे महामंडळाने तेव्हा सांगितले. असे वेगळेपण ही मोलाची गोष्ट आहे.

ज्याला जेवढे काम, त्याला तेवढाच अधिकार, हे तत्त्व सॉल्टझर व श्रोडर या अमेरिकन संशोधकांनी १९७५ सालीच मांडले होते. रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी काढलेल्या नियमांतही ते दिसते. कर्मचाऱ्याच्या संगणकावर ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क नकोत आणि खास परवानगीशिवाय पेन ड्राइव्ह वापरू नये, असे त्यात म्हटले आहे. आपल्या वसईत सहकारी बँकांची परंपरा जुनी आहे. आपल्या आईवडिलांच्या ठेवींचा हिशेब अशा नियमांनीच राखला जातो.

अविश्वास?

आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. मागील सुट्टीत एका कचेरीत मी नोंदी भरण्याचे काम केले. तेथे सर्वांचे नाव एक आणि पासवर्डही एक; सगळे ड्राइव्ह सर्वांना खुले. एके दिवशी काही नोंदी बदललेल्या आढळल्या. बोट नव्या मुलीकडे, म्हणजे माझ्याकडे वळले आणि एका दिवसाचा पगार कापला गेला. मी त्या फोल्डरला हात लावला नव्हता. पण ते सिद्ध कसे करणार? स्वतंत्र खाते, ठरलेले अधिकार आणि कोणी काय उघडले याची नोंद असती, तर माझी बाजू त्या नोंदीनेच मांडली असती. कुलूप नसले की दोष मोठ्या खुर्चीकडे जात नाही, तो लहान माणसाच्या डोक्यावर बसतो.

अर्थात कुलूप न्यायाचे असावे. अधिकार हुद्द्यावरून नव्हे, तर कामावरून ठरावेत; साहेबांनाही गरजेपुरताच प्रवेश असावा. कोणता ड्राइव्ह का बंद आहे, हे कर्मचाऱ्याला आधी सांगावे. कामासाठी फाइल हवी असेल, तर ती कोणाकडे मागायची आणि किती वेळात मिळेल, हेही ठरलेले असावे. नाहीतर माणसे कंटाळून एकमेकांचे पासवर्ड वापरू लागतात आणि सारी योजना कोलमडते.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, उद्या नोकरीत बंद ड्राइव्ह दिसला तर अपमान मानू नका. मात्र स्वतःच्या नावाचे वेगळे खाते पहिल्याच दिवशी मागून घ्या. तो आपला हक्क आहे, आणि आपले संरक्षणही.