पाळणा लांबवताना

चि. मुग्धास,


परवा फोनवर तू मध्येच अडखळलीस, तेव्हाच ओळखलं की सासूबाई शेजारी बसल्या आहेत. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं १९२१ साली आणि या विचारांपायी प्राध्यापकी गमावली. शंभर वर्षं उलटली, तरी आपण या विषयावर कुजबुजतच बोलतो. म्हणून हे पत्र.

‘अंगावर पाजतेस तोवर काळजी नाही’ असं तुला सांगितलंय. त्याला अटी आहेत. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, वरचं पाणीसुद्धा नाही, रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध आणि पाळी परत आलेली नाही, हे सगळं जुळलं तरच त्याचा भरवसा. तुला गेल्या महिन्यात पाळी आली. तेव्हा आता विसंबू नकोस.

‘अजून एक होऊ दे, मग ऑपरेशन करून टाक’ हा दुसरा सल्ला. आपल्याकडे कुटुंबनियोजन म्हटलं की बाईचं ऑपरेशनच डोळ्यांपुढे येतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३८ टक्क्यांच्या आसपास स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुष नसबंदी होती ०.३ टक्के. नोकरीत मी पाठोपाठची बाळंतपणं उरकून ऑपरेशनला आलेल्या कितीतरी पोरी पाहिल्या. मध्ये पाळणा लांबवायला काही वापरलं का, असं विचारलं की नुसती मान हलवायच्या. तुला मूल नको असं नाहीये, तीन वर्षांचं अंतर हवंय. मग साधनही तसंच निवड.

तांबी सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात, पाच वर्षांची किंवा दहा वर्षांची. काढली की पुन्हा दिवस राहू शकतात. ती छातीत चढते वगैरे ऐकशील, त्यात तथ्य नाही. पहिले काही महिने अंगावरून जास्त जातं, हे मात्र खरं. बाळंतपणात तुझं हिमोग्लोबिन कमी होतं, म्हणून आधी रक्त तपासून घे.

‘अंतरा’चं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. पाळी मागेपुढे होते, कधी बंदही होते. त्याने आत रक्त साठत नाही. पण सोडल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हा हिशेब धरून ठेव.

‘छाया’ ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, हार्मोन नसलेली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, म्हणजे रविवार-बुधवार असे वार बांधून; पुढे फक्त रविवारी. अंगावर पाजतानाही चालते. माला-एन ही हार्मोनची गोळी मात्र बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत नको. पुढे घ्यायची झाली तर रक्तदाब मोजून घे आणि अर्धशिशी असेल तर आधी सांग. ७२ तासांतली गोळी अडीनडीची, तिची सवय लावू नकोस.

माझं मत विचारशील तर रक्त कमी भरलं तर छाया, चांगलं भरलं तर तांबी. दवाखान्यात जाईपर्यंत निरोध. तो आणायचं काम जावईबापूंचं. पुढे मुलं पुरे झाली की नसबंदीचाही विचार त्यांनीच आधी करावा. बिनटाक्याची असते, पोट उघडावं लागत नाही, ताकदही कमी होत नाही. फक्त पहिले तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्य तपासून घ्यायचं.

आणि एक. यातल्या कशालाही, अगदी ऑपरेशनलासुद्धा, नवऱ्याची सही सरकारी नियमाने लागत नाही. कुणी मागितली तर वाद न घालता विचार, ‘कुठल्या नियमात आहे?’ तरीही त्यांना सोबत घेऊन जा. सिस्टर समजावतील ते दोघांनी ऐकलेलं बरं, म्हणजे घरी येऊन तुला एकटीला उत्तरं द्यावी लागणार नाहीत.

या आठवड्यातच जाऊन ये. बाळाला गोड पापा.

तुझी,
आत्या