संस्थेची टपालपेटी भरली तर?



आपल्यापैकी कितीतरी जण गावच्या सेवा सोसायटीचा, दूध संस्थेचा किंवा पाणीपुरवठा संस्थेचा कारभार पाहतात. पूर्वी संस्थेचे टपाल आवक-जावक बारनिशीत चढायचे. आता लेखापरीक्षकांचे पत्र, बँकेचा उतारा, सभेची नोटीस ई-मेलने येते. म्हणून हा धडा.

२००४ साली जीमेल सुरू झाले तेव्हा १ जीबी जागा मिळे. आज विनामूल्य खात्याला १५ जीबी मिळते. पण ती एकट्या मेलची नव्हे. ड्राइव्हमधल्या फायली आणि फोनवरून चढवलेले फोटोही तिच्यातच बसतात. कणगी भरली की संपलं! आलेले पत्र पाठवणाऱ्याकडे परत जाते आणि आपल्यालाही पाठवता येत नाही. उत्तराची मुदत मात्र कुणासाठी थांबत नाही.

मग जुने पुसून टाकायचे काय? आधी प्रत काढा. पुसलेला मेल कचरापेटीत ३० दिवस राहतो, मग कायमचा जातो. फोनवर आणि संगणकावर दिसतो म्हणजे दोन प्रती झाल्या असे समजू नये. खाते एकच; इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते.

मोठ्यांचेही असेच. फेब्रुवारी २०११ मध्ये एका बिघाडामुळे जीमेलच्या काही खात्यांतले मेल दिसेनासे झाले. गुगलने ते वेगळ्या ठेवलेल्या चुंबकीय फितींवरून परत आणले.

तेव्हा एवढे करा :

१. खाते संस्थेच्या नावाचे असावे, सचिवांचे खासगी नको. सचिव बदलले तरी पासवर्ड संस्थेकडेच राहावा.

२. दर तिमाहीस गुगलच्या 'टेकआउट' सोयीने सर्व मेल उतरवून घ्या.

३. प्रती दोन हार्ड डिस्कवर ठेवा. एक दप्तरात, दुसरी दुसऱ्या गावी, उंचावर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, हे नदीकाठच्यांना सांगायला नको.

४. प्रत थंडरबर्डसारख्या मोफत प्रोग्राममध्ये उघडून पाहा. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच.

५. एवढे झाल्यावरच जड मेल पुसून जागा मोकळी करा.

बेण्याचा प्लॉट आपण वेगळा राखतोच. दप्तराचेही बेणे राखावे. येत्या संचालक सभेत हा विषय घ्या आणि जबाबदारी कुणाची, ते ठरावात नावानिशी लिहा.